परसातील खड्डा

देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा या दोघींची ठाणी आहेत. इकडचे लोक त्यांना बडी माता आणि छोटी माता म्हणतात आणि त्या सख्ख्या बहिणी आहेत असे मानतात. त्या टेकडीच्या पायथ्याशी आमचे जुने घर आहे, घरामागे परस आहे, आणि परसात एक खड्डा आहे. सहा हात लांब, चार हात रुंद आणि जेमतेम दीड हात खोल. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला मी देवघर दाखवितो, अण्णांची पुस्तके दाखवितो. खड्डा मात्र बरीच वर्षे दाखवीत नसे. तो दाखविण्यासारखा आहे हे मला वयाच्या सत्तरीनंतर कळले, आणि तेही अशा निमित्ताने की ज्याची मला आजही थोडी लाज वाटते.

आमचे पूर्वज पवारांच्या पदरी चाकरीसाठी धारला आले. अण्णांचा जन्म धारचा. पुढे शिक्षकाच्या नोकरीने ते देवासला स्थिरावले. आई मात्र गोव्याची. फोंडा महालातील कवळ्याची श्रीशांतादुर्गा हे तिच्या माहेरचे कुलदैवत. १९५० साली ती लग्न होऊन माळव्यात आली, तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि माहेराला जाणे ही सोपी गोष्ट नव्हती. माडांचे भाट, पाटाचे पाणी, जांभ्या दगडाची तांबडी माती हे सारे मागे टाकून ती या काळ्या मातीत आली. येताना तिने एका डब्यातून तुळशीचे बी आणले होते. आमच्या परसातील दगडी वृंदावनात तिने ते पेरले, ते उगवलेही. परंतु श्रावण संपता संपता रोप मरून जाई. दरवर्षी ती नवे बी पेरी आणि दरवर्षी पावसाळ्यात तुळस जाई.

१९६० च्या आषाढात माझा धाकटा भाऊ सहा महिन्यांचा होऊन गेला. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि माझी बहीण चार वर्षांची. त्याच महिन्यात तुळसही गेली. आईने त्या दोन गोष्टींची सांगड घातली. आपल्या हातून काही अनाचार घडला, तुळशीने पाठ फिरविली आणि म्हणून मूल गेले, असे तिच्या मनाने घेतले. ती रडली नाही. तिने वृंदावनाला पाणी घालणे सोडले, आणि त्या बाजूला जाणेही सोडले.

अण्णा फार बोलणारे नव्हते. एका रविवारी पावसाची उघडीप पाहून ते वृंदावनापाशी बसले आणि मेलेले रोप त्यांनी मातीसकट उपसून काढले. मुळे काळी पडली होती आणि त्यांना कुजल्याचा वास येत होता. वृंदावनाच्या तळाशी वीतभर पाणी साचलेले होते. बांधणाऱ्याने चारी बाजूंनी दगड पक्के बसविले होते. पाणी जाण्यास वाटच ठेविली नव्हती. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून लोण्यासारखी होते. तिच्यात हवा उरत नाही. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. पाण्याने भरलेल्या चिकण मातीत ती गुदमरतात आणि मग कुजतात. आई भक्तीने दोन्ही वेळा तांब्याभर पाणी घालीत होती आणि ती भक्तीच तुळशीच्या मुळावर आली होती.

अण्णांनी छिन्नी आणि हातोडा आणला. आई दारातून ओरडली, "अहो, वृंदावनाला हत्यार लावता?" ते थांबले, तिच्याकडे पाहिले आणि काही न बोलता त्यांनी पायाच्या दगडात एक भोक पाडले. आतले पाणी भळभळा वाहून गेले. मग त्यांनी ती कुजलेली मुळे आईपुढे नेऊन धरिली. तुझा दोष नाही असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त मुळे दाखविली. आई तेव्हा प्रथम रडली.

त्या वर्षी वृंदावनात तीन भाग माती बदलली गेली. तळाला विटांचे तुकडे, त्यावर कालीसिंधेची जाड वाळू मिसळलेली थोडी काळी माती, आणि तिच्या बरोबरीने त्या खड्ड्यातील खत. आई त्या खताला आपल्या भाषेत 'सारें' म्हणे. पुढे ती तुळस आणि तिच्या बियांपासून झालेल्या तुळशी आमच्या घरात अखंड राहिल्या.

हा खड्डा अण्णांना कोठून सुचला याची कथा केवळ आमच्या घरापुरती नाही. धार आणि देवास यांच्या मधोमध इंदूर. तेथे १९२४ साली मध्य भारतातील संस्थानांच्या आणि कापूस समितीच्या साहाय्याने एक वनस्पति-संशोधन संस्था उभी राहिली. जमीन होळकर दरबारने दिली. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे प्रमुख होते. १९०५ पासून ते बिहारमधील पुसा येथे काम करीत होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल या स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि १९३० साली निधन होईपर्यंत पतीच्या सर्व संशोधनात बरोबरीच्या भागीदार होत्या. आपण शेतकऱ्याला शिकवावयास आलो या समजुतीने आलेले हे गृहस्थ, येथील शेतकरी आणि पिकावरील कीड यांनाच आपले गुरू मानू लागले, हे त्यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. निरोगी जमिनीतील पिकाला कीड कमी लागते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. अमेरिकन कृषितज्ज्ञ एफ. एच. किंग यांनी १९११ च्या ग्रंथात वर्णिलेली चीन, कोरिया व जपान येथील खताची रीत आणि आपल्याकडील शेणाचा, गोमूत्राचा, राखेचा अनुभव यांचा मेळ घालून त्यांनी जी पद्धती बसविली, तिला सारे जग 'इंदूर पद्धत' या नावाने ओळखते. तिच्यावरील ग्रंथ १९३१ साली निघाला आणि त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड हे आपल्या माणसाचे नाव आहे. संस्थेतील रसायनशास्त्राचे काम ते पाहत. त्याच साली हॉवर्ड विलायतेस परतले. वाड आणि त्यांचे सहकारी मागे राहिले. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्माजी इंदूरला आले, तेव्हा त्यांनी ही संस्था मुद्दाम पाहिली. आज त्या जागी कृषि महाविद्यालय आहे.

अण्णा विद्यार्थिदशेत काही महिने इंदूरला होते आणि तेथे जाऊन त्यांनी खत करण्याची रीत पाहून घेतली होती. शेती आमच्याकडे नव्हती, केवळ परस होता. तेव्हा शेतासाठी सांगितलेला तीस फूट लांब आणि चौदा फूट रुंद खड्डा त्यांनी घरगुती मापात आणला. रीत अशी. प्रथम सुका पालापाचोळा, काड्या, तुरीच्या तुऱ्हाट्यांचा चुरा यांचा वीतभर थर. त्यावर भाजीची देठे, निर्माल्य, उपटलेले गवत असा ओला थर. त्यावर शेणकाला शिंपडावयाचा, आणि गोठ्यातील गोमूत्र मुरलेली माती व चुलीतील राख पातळ भुरभुरावयाची. पुन्हा सुके, पुन्हा ओले. खड्डा भरला म्हणजे पायाने दाबावयाचा नाही, कारण आतील असंख्य सूक्ष्म जीवांना हवा हवी. पंधरा दिवसांनी पहिला पालट, महिन्याने दुसरा, दोन महिन्यांनी तिसरा. दर खेपेस वरचे खाली, कडेचे मध्ये, आणि कोरडे वाटल्यास पाण्याचा शिडकावा. तीन महिन्यांत खत तयार. चांगला भरलेला ढीग पहिल्या आठवड्यात इतका तापतो की आत हात धरवत नाही. त्या उष्णतेने तणाचे बी आणि माशांच्या अळ्या मरतात. सुक्या पदार्थात कर्ब जास्त, ओल्यात आणि शेणात नत्र जास्त. तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असा सुमाराचा मेळ साधला की कुजण्याची क्रिया नीट चालते. ओले जास्त झाले तर दुर्गंधी सुटते, सुके जास्त झाले तर ढीग महिनोन् महिने तसाच पडून राहतो. खत झाले याची खूण सांगताना अण्णा म्हणत, "हातात घेऊन वास घ्यावा. पहिल्या पावसाचा वास आला तर झाले. शेणाचा आला तर अजून थांबा."

मला या सगळ्याचा तिटकारा होता. पालटाच्या दिवशी मी शाळेतून उशिरा घरी येई. बहीण मात्र परकराचा ओचा खोवून अण्णांच्या बरोबर खुरपे घेऊन उभी राही.

आता लाजेची गोष्ट सांगतो.

माझ्या त्या बहिणीचा मुलगा कॅनडात ओंटारिओ प्रांतात असतो. पती निवर्तल्यावर बहीणही त्याच्याकडे जाऊन राहिली. २०२३ साली आषाढी एकादशीच्या संध्याकाळी मी देवळातून परतलो आणि दूरध्वनी वाजला. भाचा होता. नमस्कार-चमत्कार झाल्यावर तो म्हणाला, "मामा, अण्णाआजोबा खड्डा कसा भरीत ते मला नीट सांगाल का? कुंड्यांतल्या रोपांची पाने पिवळी पडताहेत."

"कसली रोपे?" मी विचारले.

तो क्षणभर थांबला. "भांगेची. इथे चालते, मामा. कायद्याने परवानगी आहे."

"आज एकादशी आहे, हे तरी ठाऊक आहे का तुला?" असे म्हणून मी दूरध्वनी ठेवून दिला. तो आणखी काही बोलू पाहत होता. मी ऐकले नाही.

पुढील काही दिवस मी माझ्या रागाला कारणे पुरवीत राहिलो. पण कारणे शोधू गेले की मनुष्य कधी कधी भलत्याच ठिकाणी पोहोचतो. आमच्यापासून वीस-पंचवीस मैलांवर उज्जयिनी. तेथे महाकाळाला भांगेचा शृंगार करितात, आणि तो पाहून मी अनेकदा हात जोडले आहेत. माझे आजोबा महाशिवरात्रीला ठंडाई घेत आणि दुसऱ्याच दिवशी गावातल्या एखाद्या आळशी माणसाला भंगड म्हणून हिणवीत. आयुर्वेदात या वनस्पतीला विजया म्हणतात आणि औषधी द्रव्यांत तिची गणना आहे. इंग्रजी अमदानीत नर्मदेपलीकडे खंडव्याच्या परिसरात सरकारी देखरेखीखाली गांजाची लागवड होत असे. १९८५ च्या कायद्याने गांजा आणि चरस यांना बंदी केली. शेंड्याच्या फुलोऱ्यावाचून असलेले नुसते पान त्या व्याख्येबाहेर राहिले, म्हणून भांगेची परवान्याची दुकाने आजही आमच्या प्रांतात आहेत. परंतु घरी रोप लावणे हा आपल्या देशात गुन्हाच आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना घरी चार रोपे लावण्याची मोकळीक दिली; काही प्रांतांनी तीही नाकारली, ओंटारिओने मान्य केली. तेव्हा भाचा कायदा मोडीत नव्हता. मग माझा राग कशाचा होता? कायद्याचा नव्हे, आणि धर्माचाही पुरता नव्हे. लोक काय म्हणतील याचा तो होता. देवळाच्या पंच मंडळींत माझे नाव आहे, आणि माझ्या बहिणीच्या घरी भांगेच्या कुंड्या!

तीन आठवड्यांनी बहिणीचा दूरध्वनी आला. तिचा आवाज पातळ झाला होता.

"दादा, तू त्याच्यावर रागावलास."

"रागावू नको तर काय करू? तुला हे पसंत आहे?"

"ती रोपे माझ्यासाठी आहेत," ती म्हणाली. "मीच त्याला बजावले होते, दादाला सांगू नको म्हणून."

पोटाचा कर्करोग होता. फाल्गुनापासून औषधोपचार चालू होते, आणि त्या उपचारांनी तिला इतकी मळमळ होई की पाण्याचा घोट पोटात ठरत नसे. तेथील डॉक्टरांनी नेहमीची औषधे देऊन पाहिली आणि मग या वनस्पतीचा उपयोग करून पाहण्यास सांगितले. केमोथेरपीने होणाऱ्या मळमळीवर तिच्यातील द्रव्यांचा उपयोग आधुनिक वैद्यकाने मान्य केलेला आहे; रोग त्याने बरा होतो असे मात्र तिच्या डॉक्टरांनी एकदाही म्हटले नाही. दुकानातून मिळणारे औषध ती घेत होतीच. पण आईच्या पोटात जाणारी वस्तू कोणत्या मातीत वाढली, तिच्यावर काय फवारले, हे आपल्याला ठाऊक असावे, म्हणून मुलाने चार रोपे लावली होती.

मी बोलू शकलो नाही. तीच पुढे म्हणाली, "आईच्या वृंदावनाला अण्णांनी भोक पाडले होते, आठवते तुला? तू दाराआड उभा होतास. मी त्यांच्याजवळ होते."

"आठवते," मी म्हणालो.

"तर मग मुलाला जरा नीट सांग. त्याला मातीचे काही कळत नाही."

त्या रात्री मी अण्णांची वही काढली आणि भाच्याला पत्र लिहावयास बसलो. आधी क्षमा मागितली. मग पाने कोठून पिवळी पडतात ते विचारले. खालची, जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव. कारण झाड जुन्या पानातले नत्र काढून नव्याला देते, घरातल्या वडीलधाऱ्यांसारखे. वरची कोवळी पाने फिकी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोहाची उणीव, आणि तिचे कारण बहुधा माती फार क्षारयुक्त असणे हे असते. सगळेच रोप मलूल आणि माती ओली असेल तर मुळे बुडाली आहेत असे समजावे.

त्याचे उत्तर तत्काळ आले. खालची पाने पिवळी आहेत, आणि माती ओली आहे. त्याने काय केले होते ते वाचून मला प्रथम हसू आले आणि मग आपल्याच घरची विद्या आपण पुढच्या पिढीला दिली नाही याचे वाईट वाटले. सेंद्रिय माती हवी म्हणून त्याने लाकडाचा भुसा आणि भाज्यांची ताजी साले सरळ कुंडीतच कालविली होती, आणि कुंडीखालच्या थाळीत सदैव पाणी भरून ठेविले होते. जे खड्ड्यात कुजावयाचे ते त्याने मुळांशी कुजत ठेविले. भुशात कर्ब फार. तो कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना नत्र लागते आणि ते ते मातीतूनच उचलतात. झाडाच्या ताटातले अन्न दुसरेच पाहुणे जेवून जातात.

मी लिहिले: भुसा आणि साले काढून घे आणि बाहेर ढीग कर. ढीग सर्व बाजूंनी निदान हात-दोन हातांचा हवा, लहान ढीग तापत नाही. तुमच्याकडे थंडीत तो गोठेल, म्हणून आताच भर. ढीग तयार होईपर्यंत पुरे झालेले खत विकत आण. कुंडीत तुमच्याकडची पीट नावाची दलदलीची माती दोन भाग, खत एक भाग, आणि पाणी निथळण्यासाठी जाड रेती एक भाग. ती पीट आंबट असते, म्हणून तुला थोडी राख किंवा चुना चालेल. आमच्या काळ्या मातीत तेच क्षार मुळात जास्त असल्याने अण्णा राख चिमटीने टाकीत. थाळी काढून टाक. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घाल. ओल लागली तर घालू नकोस. घालशील तेव्हा तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घाल आणि मग थांब. मातीचे तोंड उघडे ठेवू नकोस, वाळलेल्या पानांचे आच्छादन कर. आणि रोज खत घालू नकोस. लोभाने घातलेले अन्न झाडालाही बाधते.

पत्र संपविताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी भांगेबद्दल एक अक्षरही लिहिले नव्हते. जे लिहिले ते सारे तुळशीला, मोगऱ्याला, जास्वंदीला जसेच्या तसे लागू होते. आमच्या माळव्यात मंदसौर, नीमच, रतलामकडे परवान्याने अफू पिकते, आणि बांधापलीकडे गहू. माती दोघांनाही सारखेच पोसते. काय लावावे, किती लावावे, कोणासाठी लावावे, हा विवेक मातीच्या अंगी नाही; तो आपण करावयाचा असतो. मी मात्र तो न करता, नुसते रोपाचे नाव ऐकून निकाल देऊन बसलो होतो.

भाच्याने पुढे एक गमतीची गोष्ट कळविली. तिकडे ज्या बागकामाच्या पुस्तकातून त्याने सेंद्रिय पद्धत वाचली, त्यात अमेरिकेतील रोडेल नावाच्या प्रकाशकाचा उल्लेख होता. या रोडेल यांनी १९४२ साली सेंद्रिय शेतीचे मासिक काढले, आणि त्यांना ती प्रेरणा हॉवर्ड यांच्या लिखाणातून मिळाली होती. "म्हणजे मामा," त्याने लिहिले, "मी जे इंग्रजीतून अर्धवट शिकलो, ते आपल्या गावापासून एका तासाच्या अंतरावरून निघाले होते." त्याला काय उत्तर द्यावे? ते आमच्या परसापासून निघाले नसले, तरी परसापर्यंत पोहोचले होते. आणि तेथेच आम्ही त्याच्यावर माती ढकलण्याच्या बेतात होतो.

भाद्रपदात त्याने छायाचित्र पाठविले. पाने हिरवीगार होती. बहीण खुर्चीवर बसली होती आणि तिच्या शेजारी, त्या चार कुंड्यांच्या पलीकडे, पाचवी एक लहान कुंडी होती. "तीत काय आहे ते ओळख," ती दूरध्वनीवर म्हणाली. आईच्या तुळशीचे बी तिने जाताना बरोबर नेले होते, हे मला ठाऊक नव्हते. तुळशीला हिम सोसत नाही, म्हणून ऑक्टोबरच्या आधी कुंडी आत खिडकीशी घ्या, असे मी सांगितले. मंजिऱ्या वेळेवर खुडत जा, असेही सांगितले. मंजिरी बी धरू लागली की तुळस आपला जन्म संपला असे समजते. आपले पूर्वज मंजिरी देवाला वाहत आणि रविवारी व द्वादशीला तुळस तोडीत नसत. खुडणेही झाले आणि झाडाला विसावाही मिळाला. हे त्यांनी झाडासाठी केले की देवासाठी, याची चिकित्सा मी करीत नाही.

कार्तिकात एके दिवशी ती मला म्हणाली, "दादा, आज वाटीभर पेज घेतली आणि ठरली." आईच्या हातची पेज, वर खोबरेल तेलाचे दोन थेंब आणि लोणच्याची फोड, हे आमचे आजारपणातले पथ्य. ती वाटीभर पेज किती मोठी गोष्ट होती, हे ज्यांच्या घरात हा आजार आला आहे त्यांना सांगावयास नको.

२०२४ च्या जानेवारीत ती गेली. वसंतात भाच्याने ती चार रोपे पुन्हा लावली नाहीत. मी त्याला काही सांगितले नव्हते. त्यानेच लिहिले की आता गरज नाही. कुंड्यांतील माती त्याने फेकली नाही. ती एकत्र करून, नवे खत घालून, तिच्यात त्याने तुळशीच्या बिया पेरल्या. आता त्याच्या खिडकीत चार तुळशी आहेत असे तो सांगतो.

इकडे मी अण्णांचा खड्डा उकरून पुन्हा मोकळा केला. आमच्या देवळाचे निर्माल्य पूर्वी जवळच्या तळ्यात जाई. पंच मंडळींत दोन बैठका वाद होऊन ते आता आमच्या परसात येते. नवरात्रात तर हातगाडी भरून येते. दोरे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कापराच्या चांदीकागदाचे तुकडे, रासायनिक कुंकवाच्या पुड्या हे सारे आधी वेगळे काढावे लागते. नारळाच्या शेंड्या बारीक कराव्या लागतात, कारण त्या कुजावयास फार काळ घेतात. निर्माल्य ओले असते, म्हणून त्याच्या दुप्पट तरी सुका पाला हवा. तो मी शाळेच्या आवारातील झाडांखालून गोळा करून आणतो. देवाच्या पायी वाहिलेले फूल पायदळी जाऊ नये म्हणून ते पाण्यात सोडण्याची चाल पडली. ते मातीत मिसळून पुन्हा फूल होऊन देवापाशी गेले तर त्यात अवमान कोणता, असे मी बैठकीत विचारले होते. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पण वास?" मी त्यांना तीन महिन्यांनी या म्हणालो. ते आले, मूठभर खत त्यांनी नाकाशी धरिले आणि काही न बोलता एक पिशवी भरून घेऊन गेले.

धारला कालिकेच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या आत्याचे घर आहे. तेथील वृंदावनही असेच तळ बंद असलेले; तेथेही दरवर्षी पावसात तुळस जाते. गेल्या आठवड्यात मी छिन्नी आणि हातोडा घेऊन गेलो होतो. आतेभावाच्या सुनेने दारातून विचारले, "मामंजी, वृंदावनाला हत्यार लावणार?" मी तिला आधी मुळे दाखविली. मग भोक पाडले.

आमच्या खड्ड्याचा दुसरा पालट येत्या रविवारी आहे.